फिंटनचा खांदा

"बस आत," गाडीची काच खाली करत बिना म्हणाली.

"नको बिना, चालतोय मी जरा."

"ते दिसलं म्हणून तर थांबले ना. बस. भिजशील."

पाऊस नव्हता. ढग होते, पण ते त्या भागात बाराही महिने असतात. फिंटन हेरिटी रस्त्याकडेच्या दगडी गडग्याला हात टेकून उभा होता. चेहरा लालबुंद, सदरा पाठीला चिकटलेला, तोंडातून धड शब्द फुटत नव्हता. आणि एवढं सगळं किती चालून? मागे वळून बघितलं असतं तर घराचं धुराडं दिसलं असतं.

"कुठं सोडू?" बिनाने विचारलं.

फिंटनला कुठेच जायचं नव्हतं. चालायचं होतं, एवढंच. पण मी कुठेच न जाण्यासाठी चालतोय असं सांगायची पश्चिम आयर्लंडच्या त्या कोपऱ्यात सोय नाही. दारात गाडी असताना जो पायी निघतो त्याचं काहीतरी बिनसलेलं असणार, हे तिथे शेंबडं पोरही सांगेल. आणि आपल्यासाठी थांबलेल्या गाडीत न बसणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर दार आपटणं.

"दुकानात," असं म्हणून तो गाडीत बसला. गाडी त्याच्या बाजूला कलली. बिनाने तिकडे लक्ष नाही असं दाखवलं.

बिना जन्माने तिथलीच, पूर्वी नर्स होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, राहायला तीन घरं पलीकडे. तिने त्याला दुकानाशी सोडलं, तो बाहेर येईपर्यंत थांबली आणि परत दारात आणून सोडलं. व्यायामाला निघालेला माणूस अर्ध्या तासात एक पाव आणि क्रीमच्या बिस्किटांचे दोन पुडे घेऊन घरी आला. दुकानात जाऊन रिकाम्या हाताने कसं परतायचं? बिस्किटं मग खाल्लीही त्यानेच.

"कुठं गेला होतास?" आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं.

"पाव आणायला."

"पाव होता की घरात."

फिंटन पन्नाशी ओलांडलेला, बिनलग्नाचा. गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत वजनकाट्यावर बसायचा. ट्रक येतो, काट्यावर उभा राहतो, फिंटन केबिनमधून वजन बघतो, पावती देतो, ट्रक जातो. पंचवीस वर्षं हेच. हीटर पायाशी, डबा मांडीवर. ड्रायव्हर लोक म्हणायचे, "फिंटन, तू बाहेर येऊ नकोस रे बाबा, काटा बिघडेल." तो हसायचा. आधी मनापासून हसायचा, मग सवयीने. घरी आला की बाबांचं जेवण, औषधं, कपडे. आई तो शाळेत असतानाच गेली होती. तेव्हापासून घरात हे दोघंच, आणि आता त्यातला एक अंथरुणाला खिळलेला.

बाबा म्हणजे फेस्टी हेरिटी. एकेकाळी खांद्यावर होडी घेऊन किनाऱ्यावर उतरणारा गडी. आता उशीत डोकं रुतवून पडलेला, पण जीभ होती तशीच धारदार.

हे चालण्याचं खूळ सुरू झालं ते मॅटीमुळे. मॅटी गावातल्या लोकांच्या दफनाची व्यवस्था बघायचा. म्हाताऱ्यांना तो जिवंतपणीच भेटायला यायचा, व्हिस्कीची छोटी बाटली घेऊन, आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नसे. त्या दिवशीही आला, बाबांच्या पायाशी बसला. हवा, मेंढ्या, फुटबॉल, सगळं बोलून झालं. मग बाबाच म्हणाले, "मॅटी, मला तुझी ती काळी गाडी नको. चर्चपासून वर टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत खांद्यावर न्यायचं."

"न्यायचं तर," मॅटी म्हणाला. "खांदे कुणाचे?"

"माझ्या भावाची चार पोरं आहेत. आणि ते शेजारच्या कॉनिलीचे दोघं, वाकड्या मानेचा सोडून."

मॅटीने चोरून फिंटनकडे बघितलं. फिंटन टेबलापाशी पावाला लोणी लावत होता.

"आणि फिंटन?"

"फिंटन मागून येईल, बायकांबरोबर. त्याला वर न्यायलाच दोघं लागतील, परत मला कोण नेणार?"

म्हातारा स्वतःच्याच विनोदावर हसला, हसता हसता खोकला. मॅटीही नाइलाजाने थोडा हसला. फिंटनने लोणी लावलेला पाव बशीत ठेवला, बशी बाबांच्या हातात दिली आणि बाहेर गेला. विहिरीपाशी उभा राहिला. त्याला राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला लाज वाटली, कारण म्हातारा खरं बोलत होता.

त्या गावात बापाला खांदा देणं हे मुलाचं शेवटचं काम. बाबांनी त्यांच्या बापाला त्याच चढावरून नेलं होतं, सगळा चढ, एकदाही खांदा न बदलता. ही गोष्ट फिंटनने लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की ती त्याला स्वतःच्याच आठवणीसारखी वाटायची. आणि आता चर्चच्या दारातून शवपेटी निघणार, चुलतभावांच्या खांद्यावर, आणि सख्खा मुलगा मागे धापा टाकत. सगळं गाव बघणार. कुणी काही बोलणार नाही. ते न बोलणं त्याला जन्मभर पुरलं असतं.

म्हणून तो चालायला लागला.

पहिल्या दिवशी फाटकापासून वळणापर्यंत जाताना त्याला तीनदा थांबावं लागलं. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा धरल्या की संडासात बसणं मुश्कील. तिसऱ्या दिवशी त्याने ठरवलं की हे आपलं काम नाही. चौथ्या दिवशी बाबांनी चुलतभावाचं, कोलमचं, कौतुक केलं म्हणून पुन्हा बूट चढवले. असंच चालायचं. त्याला हुरूप असा कधी आलाच नाही. रोज संध्याकाळी खुर्ची म्हणायची बस, आणि रोज तो स्वतःला फसवायचा. फाटकापर्यंत तरी जाऊ, मग परत येऊ. फाटकाशी गेलं की म्हणायचं, त्या काटेरी झाडापर्यंत. तेवढ्यात कुणाची तरी गाडी थांबायची.

केबिनमधल्या रेडिओवर एकदा एक बाई सांगत होती, नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्यांनी आपलं उद्दिष्ट सगळ्यांना सांगावं, म्हणजे आजूबाजूचे लोक उत्साह देतात. फिंटनने रेडिओ बंद केला. काय सांगायचं? माझ्या बापाला उचलायची तयारी करतोय, आणि बाप तिकडे अजून चहात दोन चमचे साखर मागतोय?

मग एक दिवस खाणीचा मालक केबिनच्या खिडकीशी आला. इकडे तिकडे बघितलं, आवाज खाली आणला. "कधीपर्यंत आहे रे?"

"काय?"

"लायसन्स. माझ्या मेव्हण्याचंही गेलं होतं. होतं माणसाच्या हातून, लाजायचं काय त्यात."

फिंटनच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं, लायसन्स गेलं, म्हणून फिंटन पायी हिंडतोय! गावाने आपसांत बसून असा निकाल लावला होता, आणि खाणीवर तो गाडी आणतो ती चोरून, हेही ठरवून टाकलं होतं. नाताळला एक बाटली उघडून तीही अर्धी ओतून देणारा फिंटन. तो नाही म्हणायला तोंड उघडणार तोच त्याला पुढचा प्रश्न दिसला. मग चालतोस कशाला? तब्येतीसाठी म्हणावं, तर डॉक्टरने काहीतरी भयंकर सांगितलंय असं समजून रविवारी चर्चमध्ये त्याच्या नावाने प्रार्थना झाली असती. आणि खरं सांगावं, तर ते बाबांच्या कानावर जायला किती वेळ?

"बघू," फिंटन म्हणाला.

झालं. त्या एका शब्दाने घात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉनिलीची व्हॅन दारात उभी. "चल, सोडतो खाणीवर." संध्याकाळी परत यायला बिना. तिसऱ्या दिवशी पोस्टमन. लोकांनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या होत्या आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं, कारण दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं नाही ही तिथली रीत. एवढी माया त्याच्यावर आजवर कुणी केली नव्हती. आता त्याला स्वतःची गाडीही बाहेर काढता येईना, काढली तर लायसन्स नसताना चालवतोय म्हणून बोंब. गाडी अंगणात उभी राहिली आणि तिच्या टपावर कोंबड्या बसायला लागल्या. पूर्वी निदान फाटकापर्यंत तरी पाय हलायचे, आता व्हॅन थेट उंबऱ्याशी यायची. बिना येताना केक आणायची. पट्ट्याचं शेवटचं भोकही पुरेना.

घरात बाप, खाणीत केबिन, मध्ये शेजाऱ्यांच्या गाड्या, आणि या सगळ्याच्या आत हे असलं शरीर. एका संध्याकाळी तो स्वयंपाकघरात नुसता बसून राहिला. त्याला वाटलं, आपल्याला कुठूनच बाहेर पडायला वाट नाही.

घराच्या मागे एक अरुंद जागा होती. एका टोकाला कोळशाची खोली, दुसऱ्या टोकाला गुरांच्या पाण्याचं जुनं टाकं, बाजूने घराची भिंत. रस्त्यावरून ती दिसायची नाही. तिथे दिसलो तर फक्त कोंबड्यांना, असा विचार करून फिंटन तिथे चालायला लागला. खोलीपासून टाक्यापर्यंत, टाक्यापासून खोलीपर्यंत. गजाआडच्या माणसाने चालावं तसं. वेड लागलंय आपल्याला, असं त्याला रोज वाटायचं, आणि रोज तो चालायचा. काही आठवड्यांनी दम जरा पुरायला लागला तेव्हा त्याने कोळशाचं पोतं खांद्यावर घेतलं. पहिल्या दिवशी ते घेऊन दोन पावलं टाकली आणि पोत्यासकट भिंतीला जाऊन धडकला.

बाबांच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला होती, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

"मागे कोण हिंडतंय?" बाबांनी एकदा विचारलं.

"मी. कोळसा आणतोय."

"मे महिन्यात?"

फिंटन चहा टाकायला निघून गेला. पण चार-पाच दिवसांनी तो सूप भरवत असताना म्हाताऱ्याने चमचा हाताने बाजूला केला.

"पोतं कुठल्या खांद्यावर घेतोस?"

फिंटनने वाटी खाली ठेवली. "उजव्या."

"फार भरभर चालतोस. बस चुकल्यासारखा. ऐकतो ना मी इथून." बाबा छताकडे बघत होते. "त्या वेळी तसं चालायचं नसतं. सावकाश. सगळ्यांचा एकच पाय एका वेळी पडला पाहिजे, नाहीतर पेटी हलते, आतल्याला त्रास होतो."

"कुठल्या वेळी?" फिंटन म्हणाला.

"माहितीये तुला कुठल्या वेळी. सूप दे, गार झालं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिंटन पोतं घेऊन उभा राहिला तेव्हा खिडकी बोटभर उघडी होती. आतून बाबांचा आवाज आला. "डावा." फिंटनने पाय उचलला. "उजवा. थांब. इतकी घाई कसली? डावा." आवाज बारीक, घरघरणारा, पण मापात. पुढे बोलायला त्रास व्हायला लागला तेव्हा बाबा पलंगाच्या कठड्यावर काठी वाजवायचे. एक ठोका, एक पाऊल. पोरगा भिंतीच्या बाहेर, बाप भिंतीच्या आत. शाबास म्हणणं त्या माणसाच्या रक्तात नव्हतं. एकदाच म्हणाले, "आज बैलासारखा फुसफुसला नाहीस."

याच सुमारास बिना केक घेऊन आली आणि बाबांच्या उशाशी बसून हळूच म्हणाली, "फेस्टी, फिंटनच्या त्या गोष्टीचा तुम्ही जिवाला त्रास करून घेऊ नका. सहा महिन्यांत परत मिळतं लायसन्स."

फिंटन दारात होता. बाबांनी बिनाकडे बघितलं, मग फिंटनकडे बघितलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं, पण म्हाताऱ्याचं डोकं अजून पळत होतं.

"काय सांगू तुला बिना," ते सुस्कारा टाकून म्हणाले. "पोरगं हाताबाहेर गेलंय. दारूपायी घर बुडवणार हा."

बिना डोळे टिपत गेली. ती गेल्यावर बाबा इतके हसले की फिंटनला त्यांना धरून बसवावं लागलं. तेही हसले, हाही हसला. असं एकत्र ते दोघं कधी हसले होते हे फिंटनला आठवेना.

उन्हाळा सरला. फिंटनचा सदरा पोटावर सैल पडायला लागला, आणि बाबांचा सदरा सगळीकडूनच. डॉक्टर येऊन जायचे, बोलायचे कमी. फिंटनला पोतं आता जड लागत नव्हतं. एका संध्याकाळी खोलीपासून टाक्यापर्यंतच्या कितीतरी फेऱ्या झाल्या आणि तो थांबला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की त्याला दम लागलेला नाही. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्याने पोतं घाईने खाली टाकलं. आपण तयार झालो. म्हणजे आता बाबा जाऊ शकतात.

दुसऱ्या दिवसापासून त्याने चालणं बंद केलं. खुळा विचार होता, त्यालाही कळत होतं. पण आपण तयार नाही तोवर म्हातारा कसा जाईल, हे मनातून जाईना. तो पुन्हा खुर्चीत बसायला लागला, बिस्किटांचा पुडा फोडायला लागला. आतून काठीचे ठोके यायचे. एक. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक. फिंटन कानावर हात ठेवून बसायचा.

शेवटी बाबांनी हाक मारली. "का थांबलास?"

"गुडघा दुखतोय."

"खोटं बोलतोस. आईवर गेलास, तिलाही जमायचं नाही खोटं बोलायला." मध्ये बराच वेळ श्वास घेण्यात गेला. "तू बसलास म्हणून मी थांबणार नाहीये, फिंटन. थांबता येत असतं तर थांबलो असतो."

फिंटन पलंगापाशी खाली बसला आणि त्याने कपाळ गादीच्या कडेला टेकवलं. बाबांचा हात त्याच्या डोक्यावर आला. हाताला वजनच नव्हतं.

"ऊठ," बाबा म्हणाले. "अंधार पडायच्या आत दोन फेऱ्या होतील."

तो उठला. दोन फेऱ्या मारल्या. त्या दिवशी काठी वाजली नाही, पण खिडकी उघडी होती.

बाबा गेले ते ऑक्टोबरात, दुपारी, फिंटन त्यांचे ओठ ओले करत असताना. त्यानंतर घर माणसांनी भरलं. बिनाने चहाचा ताबा घेतला, कॉनिलींनी खुर्च्या आणल्या, जो तो पेटीपाशी उभा राहून म्हणाला की चेहरा अगदी शांत दिसतोय. चुलतभाऊ आले, रुंद छातीचे, काळ्या कोटांत मावत नसलेले. फिंटन सगळ्यांशी हात मिळवत होता आणि त्याच्या मनात एकच होतं. मॅटीला सांगायचं कसं? मेलेल्या माणसाचा शब्द खोडून मला पुढे घ्या म्हणायचं? त्याने तीनदा मॅटीला बाजूला घेतलं आणि तीनदा दुसरंच काहीतरी विचारलं.

चर्चमधली प्रार्थना संपली. मॅटी पुढे आला आणि उंचीप्रमाणे माणसं लावायला लागला. कोलम पुढे, उजवीकडे. मग तो बाकांच्या रांगेकडे वळला, जिथे फिंटन बायकांच्या शेजारी उभा होता.

"फिंटन. पुढे, डाव्या बाजूला."

फिंटन हलला नाही.

"अरे ये," मॅटी खालच्या आवाजात म्हणाला. "मला बोलावून घेतलं होतं त्यांनी, उन्हाळ्यात. म्हणाले, पुढे डावीकडे माझा पोरगा, उजवा खांदा देईल तो. त्याला चाल येते."

फिंटन पुढे गेला. कोलमने हात त्याच्या पाठीवरून टाकून त्याचा कोट मुठीत धरला, त्याने कोलमचा धरला, तिथली पद्धतच तशी. मॅटीने इशारा केला आणि सहा जणांनी पेटी उचलली.

फिंटनने सगळं अंग घट्ट केलं होतं. दात आवळले होते, गुडघे आवळले होते. पेटी खांद्यावर आली आणि त्याला वाटलं, काहीतरी चुकलंय. बाकीच्यांनी उचलली नाही का अजून? पण पेटी वर होती. एवढीच होती ती. त्याचं कोळशाचं पोतं याहून कितीतरी भारी होतं. तो सगळा उन्हाळा होडी खांद्यावर घेऊन उतरणाऱ्या माणसाला उचलायची तयारी करत होता, आणि तो माणूस पेटीत नव्हताच. पेटीत उरलेसुरले बाबा होते.

ते निघाले. डावा, उजवा. कोलमचा पाय घाईने पडत होता, फिंटनने कोट ओढून त्याला आवरलं. "सावकाश," तो म्हणाला. मागचे चौघेही मग त्याच्या पावलावर आले. चढ लागला. पहिल्या वळणावर खांदा बदलायला माणसं पुढे आली, कोलम बाजूला झाला, मागचेही बदलले. पोस्टमनने फिंटनच्या हाताला हात लावला. फिंटनने मान हलवली आणि तो चालत राहिला. दुसऱ्या वळणावरही तो होता. त्याला वाटत होतं हा चढ आणखी लांब असायला हवा होता, पेटी आणखी जड असायला हवी होती, छाती फुटायला हवी होती.

वर पोचल्यावर त्यांनी पेटी खड्ड्यावरच्या फळ्यांवर टेकवली. बाकीचे पाच जण गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, कुणी कडेच्या क्रूसाला टेकलं. फिंटन सरळ उभा होता. आणि मग त्याचे खांदे हलायला लागले, छाती वरखाली व्हायला लागली, तोंड उघडलं. बिना घाईने पुढे आली, तिने पाण्याची बाटली उघडून त्याच्यापुढे धरली.

"दम खा फिंटन," ती म्हणाली. "चढ केवढा आहे. दम लागणारच."

सगळ्यांनी तेच ऐकलं होतं आणि त्याने नुसती मान डोलावली असती तर सगळ्यांनी तेच मानलं असतं.

"दम नाही लागला मला," फिंटन म्हणाला.

बिनाने बाटलीला झाकण लावलं, ती पिशवीत ठेवली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.